टूक्या

टूक्याला खेळताना आमच्या आळीत कुणी पाहिलेलं नाही. तो कायम खेळायच्या तयारीत असतो. त्याच्या खोलीत कधीही डोकावा, पडद्यावर गेम उघडा असतो, गेममधला घोडेस्वार बर्फाच्या डोंगरावर ताटकळत उभा असतो आणि टूक्या सेटिंगच्या पानावर असतो. सावल्या 'हाय' ठेवायच्या की 'अल्ट्रा', हे ठरायचं असतं. ठरलं की निघायचं. घोडा अजून निघालेला नाही.

त्याला पाळण्यातलं नाव आहे आणि ते चांगलं आहे. पण २५६० गुणिले १४४० ठिपक्यांच्या पडद्याला बाजारात 'टूके' म्हणतात, आणि तो घेण्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलगा दूधवाल्यापासून भटजींपर्यंत प्रत्येकाला टूकेचे फायदे समजावत होता. रत्नागिरीत टोपणनाव चिकटायला याच्या निम्मं कारणही पुरतं.

वय सव्वीस. इंजिनिअरिंग इथेच झालं. २०२०च्या टाळेबंदीत पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून सुरू झालं आणि घरूनच राहिलं. अंगाने किरकोळ, डोळे तांबारलेले, मान किंचित डावीकडे कललेली. पीसी सेकंदाला किती चित्रं काढून देतो तो एफपीएसचा आकडा त्याच्या पडद्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात येतो, म्हणून मान तिकडे. एका स्थळाकडून "मुलाला मानेचं काही आहे का?" अशी चौकशी आल्याचं ऐकिवात आहे.

पीसीवर खेळणाऱ्यांच्या या जातीचं सगळं दुखणं मध्यम पीसीत आहे. ज्याचा पीसी अगदीच साधा तो पत्ते खेळतो आणि सुखाने झोपतो. ज्याच्याकडे दोन-अडीच लाखांचा ऐवज आहे त्यालाही वर बघायला काही उरलेलं नसतं. मधल्याला मात्र खालचं आवडत नाही, वरचं परवडत नाही, आणि एकच वस्तू बदलली की सगळं जमेल असं त्याला बारा महिने वाटत असतं. एकच. टूक्याचा पीसी या वर्णनात चपखल बसतो: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वीज पुरवणारा ५५० वॉटचा एसएमपीएस आणि चित्रं काढणारं एएमडीचं आरएक्स ६६०० कार्ड. हे कार्ड ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हाच कंपनीने ते १०८०च्या पडद्यासाठी असल्याचं सांगितलं होतं. टूक्याने ते वाचलंही होतं. पण तेव्हा कार्डांचे भाव आभाळाला टेकलेले. जगभरचे लोक खेळायची कार्डं घाऊक उचलून त्यांच्यावर इथेरियम नावाचं आभासी चलन काढत बसले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच मोडीत काढली आणि ती सगळी कार्डं बेकार झाली. त्या दिवशी टूक्याने आळीत पेढे वाटले. कशाचे ते कुणाला कळलं नाही. त्याच्या आईने मुलगा पर्मनंट झाल्याचं समजून देवापुढे साखर ठेवली.

कार्ड आलं, पडदा २४ इंची १०८०चा, दोघांचं उत्तम जमत होतं. एफपीएस ८०च्या घरात. इथे एखादा माणूस खेळायला बसला असता.

टूक्या वडिलांकडे गेला. वडील निवृत्त कारकून, पावसला थोडी कलमं राखून आहेत आणि जगातला कुठलाही खर्च आधी आंब्याच्या पेट्यांत मांडून मग त्यावर मत देतात.

"बाबा, आत्ता आपल्याकडे २०,७३,६०० ठिपके आहेत."

"कुणी मोजले?"

"मोजायला कशाला लागतात? १९२० गुणिले १०८०. नव्यात ३६,८६,४०० होतील."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे सोळा लाख ठिपके जादा. त्यांचे किती म्हणतात?"

"बावीस हजार."

"आहेत त्या ठिपक्यांना काय झालंय? गळतायत?"

मग टूक्याने ऑफिस पुढे केलं. हे या जातीचं ठेवणीतलं शस्त्र. एक्सेलमध्ये जास्त कॉलम दिसतात, डोळ्यांना ताण कमी पडतो, साहेबसुद्धा म्हणत होते. बाबा म्हणाले, "कॉलम दिसतील रे. पगाराचा कॉलम आहे तेवढाच दिसणार ना?" पण हरकत घेतली नाही. कोकणातला बाप मुलाला नाही म्हणत नाही. आयुष्यभर ऐकवता येईल अशा बेताने हो म्हणतो.

त्यापुढचे काही महिने संशोधनाचे. २७ इंची घ्यायचा, पण १०८०चा नको, कारण तिथे इंचाला ८२च ठिपके भरतात. २४ इंचावर ९२ होते, म्हणजे पैसे देऊन मागे. टूकेत १०९. पॅनेल आयपीएस की व्हीए, सपाट की वाकडा, यावर तो रात्री पायरीवर बसून मला ऐकवत असे. व्हीएचं काळं जास्त काळं असतं पण हलतं दृश्य मागे शेपूट सोडतं. आयपीएसचे रंग बरे पण अंधारात कोपरे उजळतात. मी "आयपीएस" म्हटलं. मला ते पोलिसांमुळे ओळखीचं वाटलं. शिवाय नाकापासून पडदा किती लांब हवा याचं माप निघालं. आजोबांचं शिसवी टेबल त्या मापाला अरुंद पडलं, म्हणून ते भिंतीपासून पुढे ओढलं, त्यामुळे खाट खोलीत मावेना, आणि खाट पडवीत गेली. मॉनिटर यायच्या आधीच त्याची जागा झाली होती आणि टूक्याची गेली होती.

मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून पॅनेल आणायचं नाही, ही अट त्यानेच घातली. म्हणून डोंबिवलीच्या आतेभावाने लॅमिंग्टन रोडवरून मॉनिटर उचलला आणि गणपतीला येताना कोकणकन्येने आणला. पाटीवर त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना लोटला, पण कॉम्प्युटरचं सामान अजून लॅमिंग्टन रोडवरच मिळतं. गणपतीत कोकणकन्येला माणसाला बर्थ मिळायची मारामार, तिथे मॉनिटर झोपून, नव्हे उभ्याने आला. पॅनेल आडवं ठेवायचं नसतं म्हणे. आतेभावाने आपला बर्थ त्याला दिला आणि रात्रभर त्याला मिठी मारून तो स्वतः कडेला बसला. पनवेल, माणगाव, चिपळूण, प्रत्येक ठिकाणी टूक्याचा फोन: "उभाच आहे ना?" चिपळूणला आतेभाऊ म्हणाला, "तो उभा आहे. मी आडवा व्हायचा बाकी आहे." पहाटे कुवारबावच्या बाजूला स्टेशनवर रिक्षावाल्याने खोक्याचं वेगळं भाडं मागितलं आणि टूक्याने घासाघीस न करता दिलं. रत्नागिरीच्या इतिहासात ही गोष्ट नोंदवून ठेवायला हवी.

घरात त्याच दिवशी गणपतीची तयारी. खोक्यातलं थर्माकोल बघून आईला मोह झाला, पण थर्माकोलच्या मखराला राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि बाबांनी कारकुनी नियमाप्रमाणे केली आहे, तेव्हा ते सगळं दोरीने बांधून माळ्यावर गेलं. हे थर्माकोल लक्षात ठेवा.

रात्री आरती झाल्यावर मॉनिटर लागला. वायर सेट-टॉप बॉक्सची जुनी होती, ती लावली. प्रसादाला आलेल्या प्रत्येकाला आत बोलावून टूक्या विचारायचा, "फरक दिसतो का?" या प्रश्नाला रत्नागिरीत सरळ उत्तर मिळत नाही हे त्याला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. भटजी म्हणाले, "दिसतो तर. खोली लहान दिसते." शेजारच्या मावशी म्हणाल्या, "वीजबिलात दिसेल हो सावकाश." मला त्याने माउसचा बाण गरागरा फिरवून दाखवला. हा १६५ हर्ट्झचा, म्हणजे पडदा सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलतो. आधीचा ६०चा होता. तो लोण्यासारखा सरकणारा बाण बघा काका. मी बघितला. हातात मोदक होता, सगळंच लोण्यासारखं वाटत होतं.

दसऱ्याला शस्त्रपूजेत त्याला झेंडूची माळ पडली. दिवाळीपर्यंत टूक्या १६५ या आकड्यावर जगला. १६५ बघितलं की माणसाला परत ६० बघवत नाही, मळमळतं, असं तो सांगत असे. मग भाऊबीजेला भाचा आला, इयत्ता आठवी. त्याने टूक्यामामाच्या खुर्चीत बसून सहज डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये बघितलं आणि म्हणाला, "मामा, हा ६०वर आहे."

विंडोजची एक खोड आहे. पडदा कितीचाही लावा, पुष्कळदा ती आपली ६० धरून बसते. पुढचं आपल्याला सांगावं लागतं. त्यात ती जुनी वायर १६५ वाहून नेण्यातली नव्हतीच. त्यासाठी या पडद्याला डिस्प्लेपोर्टची वायर लागत होती. ती कंपनीने दिली होती. थर्माकोलच्या एका खाचेत नीट गुंडाळून ठेवलेली होती, आणि थर्माकोल माळ्यावर.

शिडी लावून वायर निघाली, १६५ लागले, आणि टूक्याने मला पुन्हा बोलावून तोच बाण फिरवला. खरं सांगतो, या वेळी फरक दिसला. अगदी स्पष्ट. पण गणपतीत मी मान डोलावली होती, तेव्हा आता काय बोलणार? तेवढीच मान पुन्हा डोलावली.

आता घोडा निघायला हरकत नव्हती. हरकत कोपऱ्यातल्या आकड्याने घेतली. ८०च्या घरातला एफपीएस ५०च्या घरात आला होता. यात गूढ काही नाही. कार्ड तेच, आणि प्रत्येक चित्रामागे रंगवायचे ठिपके पावणेदोन पटींहून जास्त. पडदा सेकंदाला १६५ चित्रं मागतो आहे आणि कार्ड पन्नासच्या पुढे द्यायला तयार नाही. प्रोसेसर बिचारा नुसता बसून. एवढ्या ठिपक्यांचा बोजा पडतो तो कार्डावर.

मग काटछाट सुरू झाली. आधी सावल्या गेल्या. मग पाण्यातली प्रतिबिंबं गेली. मग गवत विरळ झालं, धुकं पातळ झालं, घोडेस्वार 'अल्ट्रा'वरून 'मिडियम'वर उतरला. एकेक वस्तू काढली की टूक्या डावीकडे मान करून आकडा बघायचा. तीन वाढले. दोन वाढले. गेममधलं अख्खं रान त्याने एफपीएसपायी तोडलं आणि तरीही ७०च्या वर गाडी जाईना. शेवटी त्याने एफएसआर चालू केलं.

हे एफएसआर समजून घेण्यासारखं आहे. एएमडीने जून २०२१ मध्ये आणलेली ही युक्ती. कार्डाने चित्र लहान आकाराचं काढायचं आणि मग ते हिशेबाने मोठं करून पडद्यावर मांडायचं. युक्ती वाईट नाही; पुढच्या सुधारणांनंतर तर असल नक्कल ओळखायला डोळे बारीक करावे लागतात. एफपीएस उडी मारून परत ८०च्या घरात आला. टूक्या इतका खूश झाला की जेवताना त्याने ही युक्ती बाबांना समजावून सांगितली. ते करायला नको होतं.

"लहान म्हणजे केवढं काढतं ते?"

"क्वालिटीवर ठेवलं की १७०६ गुणिले ९६०."

बाबांनी ताट बाजूला सरकवलं आणि पंचांगाच्या मागच्या पानावर गुणाकार केला. कारकुनीतला माणूस, आकडा तोंडी धरत नाही. "१६,३७,७६०," ते म्हणाले. "आणि जुन्या मॉनिटरवर किती होते? वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे, असं तूच मला सांगितलंस."

टूक्या गप्प.

"म्हणजे पेटी मोठी घेतली आणि आंबे कमी भरले."

"उरलेले ठिपके ते अंदाजाने भरतं, बाबा."

"आमच्याकडे त्याला पेंढा म्हणतात."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत होतं, दुपारी राम आळीत, आणि संध्याकाळी मारुती मंदिराच्या एका चहाच्या टपरीवर मला ते अनोळखी माणसाने ऐकवलं.

यावर शहाणा माणूस सेटिंग बंद करून खेळायला लागेल. टूक्याने कार्ड बदलायचं ठरवलं. मोठं कार्ड घ्यायचं तर ५५० वॉटला धाकधूक, म्हणून एसएमपीएस. कार्ड लांबीला जास्त, म्हणून कॅबिनेट. मग एवढ्या कार्डाला हा प्रोसेसर शोभतो का? एकच वस्तू बदलायची होती. यादीत आता जुना म्हणून फक्त की-बोर्ड राहिला. यादी फ्रिजला चुंबकाने लावलेली आहे. बाबा येता-जाता तिच्याखाली चालू हंगामाचा पेटीचा भाव लिहून ठेवतात.

मोहोराच्या दिवसांत वेगळंच संकट आलं. एका सकाळी पडद्याच्या मधोमध काळा ठिपका. मेलेला पिक्सेल! टूक्याने पडदा लाल करून बघितला, हिरवा, निळा, पांढरा करून बघितला, आजोबांचं भिंग लावलं. ठिपका कायम. ग्राहकसेवेचं उत्तर आलं की एखाद-दुसरा पिक्सेल गेला तर मॉनिटर बदलून मिळत नाही, नियमात तेवढे मेलेले चालतात. ३६,८६,४०० पैकी एक गेला, तर घरात कुणी गेल्याचं वातावरण. संध्याकाळी मी समाचाराला गेलो. टूक्या पडद्याकडे बोट करून सांगत होता आणि मी बघत होतो, तेवढ्यात पिक्सेल दोन बोटं डावीकडे चालत गेला.

बाबांना बोलावलं. ते नुकतेच बागेतून आले होते. भिंगातून बघून म्हणाले, "थ्रिप्स आहे. फुलकिडा." हापूसच्या बागाइतदारांना या किड्याने अलीकडे जेरीला आणलंय, मोहोरावर बसला की फळाची आशा धरायला नको. तो उजेडाला भुलून काचेच्या आत शिरला होता. बाहेरून दाबायचं नाही, दाबलं तर आतच मरतो आणि मग तो खराच कायमचा ठिपका, हे टूक्याला माहीत होतं. फवारणी चालणार नाही, हे त्याने बाबांना सांगितलं. मग मॉनिटर बंद, घरातले सगळे दिवे बंद, आणि पडद्याच्या कडेला एक टेबललॅम्प लावून कुटुंब अंधारात बसलं. सकाळी किडा गेलेला होता. बाबांचा शेरा: "त्यालासुद्धा फरक दिसला नसेल."

त्या मॉनिटरचा मनापासून उपयोग करणारं घरात एकच माणूस आहे, आजी. टूक्याचं ऑफिसचं काम संपलं की ती त्यावर यूट्यूबवरची जुनी मराठी नाटकं बघते. कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेली, ३६०ची, चेहरे पाण्यात बुडाल्यासारखे. मुळातल्या एका ठिपक्याला या पडद्यावर सोळा ठिपके खर्ची पडतात, हे टूक्याला बघवत नाही, तो उठून पडवीत जातो. आजी म्हणते, मोठं दिसतं, बरं दिसतं. पुढे विजा चमकायला लागल्या की आई सगळ्या वायरी उपसून ठेवते आणि नाटक अर्ध्यावर राहतं, एवढीच तिची तक्रार. कोपऱ्यातला आकडा तिने विचारून घेतला होता. तो तिला आजचं तापमान वाटलेला. तापमान नाही म्हटल्यावर तिने तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

सध्या टूक्याचं मन फोर-केवर बसलं आहे. ८२,९४,४०० ठिपके, १०८०च्या बरोबर चौपट. आणि त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. टूकेवर १०८०चं चित्र लावलं तर भागाकार पूर्ण जात नाही, सगळं धूसर दिसतं. फोर-केवर मात्र एका ठिपक्याचे बरोबर चार होतात. म्हणजे फोर-के घेतला की आहे त्याच कार्डावर १०८०त मस्त खेळता येईल.

"पण तुझा जुना मॉनिटर १०८०चाच ना?" मी विचारलं.

"काका," तो दया येऊन म्हणाला, "तो २४ इंची आहे."

तर तो जुना २४ इंची मॉनिटर विकायचा आहे. खाऱ्या वाऱ्याने मागचे दोन स्क्रू गंजलेत, बाकी एकदम चालू, ठिपके सगळे जिवंत, आत किडा नाही. ज्याला नुसतं खेळायचं आहे त्याने आळीत येऊन चौकशी करावी. व्यवहार बाबांशी करा, दोन-अडीच पेट्यांत तुटेल. टूक्याशी बोलत बसू नका. मोकळ्या हाताने घरी जाल आणि आठवड्याने तुमची खाट पडवीत असेल.